काशीराम मिस्त्रीनं शोधलेली गळती

१९३१च्या दिवाळीनंतर दादूशेटची रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी प्रवासी मोटर आंबा घाटात मोडली. गिअरबॉक्समधलं तेल संपलं, दाते खाल्ले गेले, मोटर चढावर मागं सरकली आणि डोंगराकडच्या चरीत कलंडली. आत बसलेल्या मांडवीच्या गोदूबाईचा हात मोडला. ड्रायव्हर हरिश्चंद्र, म्हणजे शेटचा मेहुणा, मोटारीखाली शिरला आणि गिअरबॉक्सचं तेलानं माखलेलं बूच हातात घेऊनच बाहेर आला. "काशीरामनं खालचं बूच आवळलंच नव्हतं!"

काशीराम हा शेटचा मिस्त्री, लांज्याकडच्या खेड्यातला. बूच आपण दोनदा तपासलं होतं, हे तो परोपरीनं सांगत राहिला. पण शेटनं त्याला मोटर बघूसुद्धा दिली नाही. नाक्यावर चारचौघांत त्याच्या हातातला पाना हिसकावून घेतला. "माणसं मारशील मेल्या! चालता हो!"

त्यानंतर रत्नागिरीत त्याला कुणी काम देईना. बायको तुळसा विहिरीवर गेली की बायका विचारायच्या, "तुझ्या घोवानंच ना गो गोदूबाईचा हात मोडला?"

काशीरामनं मुंबई गाठली. लालबागच्या एका कारखान्यात चार वर्षं मोटारींखाली आडवं पडून काढली. तेल जिथं ठिबकतं तिथूनच ते गळत असतं असं नाही, हे त्याला तिथं कळलं. दर गळक्या गिअरबॉक्सखाली त्याला हरिश्चंद्राचं तोंड दिसे, आणि पाना आपोआप जास्त जोरानं फिरे.

१९३५ साली तो परतला आणि त्यानं मांडवीच्या रस्त्याला मोटारदुरुस्तीची छपरी घातली. दादूशेटची तीच मोटर अजून तेल गाळत होती. दोन मिस्त्रींनी तेल अडवणारे चामड्याचे वायसर बदलले, तरी गळती थांबेना. दर खेपेला वरून तेल ओतून गाडी चालवत होते. शेवटी शेटचा निरोप आला.

"बघतो," काशीराम म्हणाला. "पण नाक्यावर, दिवसाढवळ्या. हरिश्चंद्रानं गाडी आणायची आणि शेटनं समोर उभं राहायचं."

गोदूबाईला बोलवायला तो स्वतः गेला.

त्यानं गिअरबॉक्स रॉकेलनं धुतला, कोरडा पुसला, त्यावर खडूची पूड फासली. "हातखंब्यापर्यंत जाऊन ये," तो हरिश्चंद्राला म्हणाला.

गाडी परतली तेव्हा नाक्यावर ही गर्दी. थेंब बुचालाच लटकत होता. "बघा, बूचच!" हरिश्चंद्र ओरडला.

"शेट, तुम्ही वाका आणि बघा. बुचाच्या बाजूची पूड कोरडी हाय. ओघळ वरून, शाफ्टाच्या मागच्या टोकाकडून आलाय."

शेटनं वाकून पाहिलं. ओघळ खरंच वरून होता.

"तिथलं चामडं नवं हाय, तरी तेल आतून रेटतंय. का?" काशीरामनं मोटारीतली पायाखालची फळी उचलली आणि गिअरबॉक्सच्या झाकणावरच्या बारीक भोकात ठोकलेली लाकडी खुंटी पकडीनं उपटली. फुस्सकन गरम वाफ निघाली. "ही वाफ बाहेर पडायची वाट. ही बुजली, की तेल मिळेल तिथून बाहेर पडतं. कुणी ठोकली?"

हरिश्चंद्र चाचरला. "पाशिंजरांना वास यायचा... म्हणून मीच. झाली पाच वर्षं."

"म्हणजे घाटाच्या आधी. मग त्या दिवशी बूच कुणी सोडलं?"

"बोल की मेल्या!" गोदूबाई वाकडा हात पुढं करत गरजली.

"मीच," तो खाली मान घालून म्हणाला. "मोटर मोडल्यावर. आळ माझ्यावर येईल म्हणून."

दादूशेट पुटपुटला, "चुकलं आमचं, काशीराम."

"मोठ्यानं, शेट. तेव्हा मोठ्यानं बोललात."

शेटनं मोठ्यानं म्हटलं, परत कामावर ये असंही म्हटलं. काशीरामनं भोक साफ केलं, गाडी नीट करून दिली आणि सांगितलं, "ही तुमची शेवटची. पुन्हा तुमच्या गाडीला हात लावणार नाय."

तेवढ्यानं त्याचं मन भरलं नाही. जो जो मोटरवाला छपरीत येई, त्याला तो हरिश्चंद्राची हकीकत पहिल्यापासून सांगे. पावसाळ्याच्या आत हरिश्चंद्राला रत्नागिरीत कुणी स्टिअरिंगला हात लावू देईना.

एका दुपारी हरिश्चंद्राची बायको मालन काशीरामच्या घरी दारात आली. "काशीरामभावजी, एक शब्द टाका. पोरं हायत घरात."

काशीराम हात धूत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"सोडा की आता," तुळसा म्हणाली.

"मला कुणी सोडलं होतं?" म्हणत तो पाटावर बसला. तुळसानं त्याचं पान वाढलं, तांब्या ठेवला आणि बाहेर ओट्यावर मालनजवळ जाऊन बसली. त्यानं भाकरी मोडली आणि एकट्यानंच सावकाश जेवण संपवलं.