मनकर्णाचं आंधळं मडकं

मनकर्णा धनगरणीला अक्षरओळख नव्हती, पण तिच्या मेंढरांची मोजदाद चुकली असं म्हणणारा बोरीच्या बाजारात शोधून सापडला नसता. "दोन कमी बारा विसा," असं ती म्हणे, आणि चंद्रभान गुरुजी मनातल्या मनात दोनशे अडतीस करेपर्यंत बाई पुढच्या बांधावर पोचलेली असे. गुरुजी निजामाच्या राज्यात उर्दूतून हिसाब शिकलेले. राज्य गेलं, शाळा मराठी झाली, त्यांची बदली या वाडीत झाली. इथं आपल्याएवढं गणित कोणाला येतंय, अशी थोडी ऐट त्यांना होती. ती मनकर्णानंच उतरवली.

शिमग्यापासून मृगापर्यंत तिचा कळप रानारानात बसायचा. सात रात्री मेंढरं बसली की लेंड्या-मुतानं पीक असं तरारून येई, की दुसरं खत बघायला नको. पण अशा पाळ्या बारा आणि घरं बावीस! दरसाल भांडणं. मनकर्णा तोंड बघून मेंढरं बसवती, असं पाठीमागं बोललं जाई. एकदा ती चिडली. "मग माझं तोंडच नगं तुमच्या मधी," म्हणाली, आणि तिनं एक मडकं घेतलं. घराघराची निशाणी कोरून खापऱ्या केल्या, एकराला एक. पारावर सगळ्यांदेखत बारा खापऱ्या काढायच्या, ज्याची निशाणी त्याची पाळी. मडक्याला कुठले डोळे? सारी वाडी खूश झाली. गुरुजीही.

दोन वर्षं गेली. साठ एकरवाल्या किशनरावांना दोन्ही साली नऊ-नऊ पाळ्या मिळाल्या. दीड एकरवाल्या लिंबाजीची फणीच्या निशाणीची एकुलती एक खापरी तळालाच राहिली.

तिसऱ्या साली लिंबाजी तिच्याकडं आला. "आक्का, ज्वारी गुडघ्याएवढीच व्हायलीय माझी. यंदा मेंढरं बसली न्हाईत तर मी अन् माझी बायकू पिंगळीला रुळाच्या कामावर जातो. रान पडीक पडंल. मडकं आंधळं हाय, मान्य. पर भरणारीला तर डोळे हायत ना?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णा मडकं घेऊन शाळेच्या ओसरीवर हजर. "गुर्जी, मी काढते, तुमी रेघा ओढा."

तिनं आधी जुन्याच भरणीनं वीस वेळा खोटं खोटं काढून बघितलं. किशनराव नऊ, आठ, दहा, पुन्हा नऊ. मग सगळ्या खापऱ्या ओसरीवर पसरून ती लय वेळ बसली. शेवटी नवी भरणी केली: घराला एक खापरी, कोरड्या गेलेल्या दर सालाला आणखी एक. निशाणी निघाली की त्या घराच्या बाकीच्या बाहेर, पुढच्या साली पुन्हा एकीपासून. साल संपलं असं धरून ती काढत गेली, भरत गेली. गुरुजींच्या रेघांत एकही घर सलग तीन सालांहून जास्त कोरडं राहिना. जन्मभर त्यांनी उत्तर बरोबर आलं का, तेवढंच तपासलं होतं. ही बाई मुळात रीतच न्यायाची आहे का, ते तपासत होती.

पारावर तिनं सरळ सांगितलं, "दोन वर्सं मीच माती खाल्ली. ज्याच्याकडं हाय त्यालाच दिलं, अन् नाव मडक्याचं केलं."

किशनराव उखडले. "रान माझं मोठं, मग खत कमी का?"

"मालक, रान मोठं तसा गोठाबी मोठा. चार उकिरडे हायत तुमचे. लिंबाजीची एक शेळी हाय. तुमीच काढा खापऱ्या, तुमच्याच हातानं."

गावासमोर त्यांना नाही म्हणता येईना.

निशाणी निघाली की मनकर्णा त्या घराच्या उरलेल्या खापऱ्या वेचून बाहेर टाकी. नऊ निघाल्या. लिंबाजी जमिनीकडं बघत होता. दहावी किशनरावांनी उलटून बघितली, जरा थांबले, आणि म्हणाले, "फणी. लिंबाजीची."

मनकर्णाचे डोळे भरून आले, आणि पुढचं काम ती विसरूनच गेली. किशनरावांनी मडक्यात घालायला पुन्हा हात पुढं केला.

"मालक, थांबा." लिंबाजी उठला. मडक्यात डोकावून त्यानं आपल्या उरलेल्या दोन फण्या बाहेर काढल्या आणि मनकर्णाच्या ओंजळीत ठेवल्या. "माझं झालं, आक्का. ज्यांचं ऱ्हायलंय त्यांच्या वाटंत ह्या नगंत."