थांबायचा कुकारा

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे नंतर कमेंट्समध्ये वाद नकोत — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. प्लँटमध्ये अलार्म वाजला की तो का वाजला हे सापडेपर्यंत आम्हाला कोणी घरी सोडत नाही. या ग्रुपवरचे बरेच गूढ अनुभव मी 'सेन्सर खराब असणार' असं मनात म्हणून सोडून दिलेत. त्यामुळे आज लिहायची पाळी माझ्यावर आलीय याची बायकोला फार मजा वाटतेय.

आम्ही कतारला, दोह्यात अल दुहैलला राहतो. मी, बायको अस्मिता आणि आठ वर्षांची मुक्ता. गेल्या हिवाळ्यात माझी आई मालवणजवळच्या आमच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आली होती. खरं म्हणजे त्या सुट्टीत जॉर्जियाला बर्फात हाइक करायला जायचं ठरलं होतं — मुक्ताच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आलेली — पण प्लँटचं शटडाऊन निघालं आणि रजा खलास. तिच्यासाठी घेतलेली लाल लोकरी टोपी कपाटात तशीच पडून. पोरगी फुरंगटून बसली. शेवटी एका शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, यल्ला, चला, झिक्रीतला जाऊ, तिथे हाइक करू.

झिक्रीत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं चुनखडीचं उघडं पठार. वाऱ्याने कोरलेले खडक, मध्येच सरळ तुटलेले कडे, पलीकडे समुद्र. आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. जानेवारीत सकाळी असतंच, ऊन वर आलं की जातं. मुक्ता लाल टोपी घालून उतरली आणि खुश झाली. "इट्स लाइक स्नो, बाबा!" आई खाली उतरली, पायाने जमीन चाचपली आणि म्हणाली, "ह्यो तर आमचो सडोच रे." सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती गाडीपाशी चटईवर चहाचा थर्मास आणि घावन्यांचा डबा घेऊन बसली. आम्ही तिघं निघालो.

मी पुढे, अस्मिता मागे फोटो काढत, मुक्ता आमच्या मध्ये उड्या मारत. जरा वेळाने समुद्राकडून धुक्याचा असा लोट आला की स्वतःचे बूट दिसेनात. मागून अस्मिताचा आवाज आला, "अरे, मुक्ता तुझ्याजवळ आहे ना?"

मला वाटत होतं ती तिच्याजवळ आहे.

आम्ही दोघांनी हाका मारल्या. उत्तर नाही. अस्मिता रडायलाच लागली. मला काही सुचेना. मग मी कोकणातला माणूस जे करतो ते केलं — कुकारा घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रानात माणूस दिसेनासा झाला की तोंडाशी हात धरून मोठ्याने 'कूऽऽऽ' करायचं. लांब कुकारा म्हणजे 'इकडे ये'. मुक्ताला तो पक्का ठाऊक आहे. आमच्या कंपाउंडमध्ये मी तिला जेवायला असाच बोलावतो, शेजारी हसतात.

मी कुकाऱ्यावर कुकारे घातले. घसा फाटला. ती येईना. भीती होतीच, पण खोटं कशाला सांगू, रागही येत होता... एवढं बोलावतोय, कार्टी येत का नाही?

आणि मग समोरून, अगदी स्वच्छ, "बाबा! आय ॲम हिअर! आय स्टॉप्ड!"

मी आवाजाच्या दिशेने धावलोच असतो. अस्मिताने मागून माझं जॅकेट धरलं. धुकं थोडं विरलं तेव्हा कळलं की माझ्या पुढ्यात जमीनच नव्हती. पठाराला एक घळ पडलेली — दोन पुरुष तरी खोल, खाली टोकदार दगड. धुक्यात माझ्या पुढे निघून, घळीच्या टोकाला नकळत वळसा घालून गेलेली माझी मुलगी पलीकडच्या काठाला लाल टोपी घालून उभी होती. आणखी दोन पावलं आणि ती खाली गेली असती. आणि मी इकडून तिला जिवाच्या आकांताने बोलावत होतो... ये, ये म्हणून.

"हलू नकोस" असं ओरडून मी घळीला वळसा घालून गेलो आणि तिला उचललं. तिनेही मला घट्ट धरलं.

"ओ का दिली नाहीस?" अस्मिताने विचारलं.

"दिली ना! पण बाबा एकदा कम म्हणतो, मग स्टॉप म्हणतो. मेक अप युवर माइंड, बाबा!"

मी स्टॉप म्हणालो नव्हतो. कुठून ऐकू आलं विचारलं, तर म्हणाली, कम समोरून आणि स्टॉप मागून, खूप जवळून. तिला वाटलं मीच फिरतोय. तिच्या मागे सपाट पठार आणि समुद्र, दुसरं काही नव्हतं.

गाडीपाशी आलो. आईला सगळं सांगितलं. ती मुक्ताला कुशीत घेऊन म्हणाली, "खंयचो कुकारो आयकलंस तू? करून दाखव बघू."

मुक्ताने तोंडाशी हात धरले. एक तुटका कू, मध्ये बारीकसं खाकरणं, मग दुसरा तुटका कू.

आईने हातातला कप खाली ठेवला. "ह्यो थांबाचो कुकारो," ती हळूच म्हणाली. "धुक्यात गुरां कड्याकडे जावक लागली की हे असोच घालीत."

"हे" म्हणजे माझे वडील. मुक्ताच्या जन्माआधीच गेले. मी लहानपणीच शिकायला मुंबईला मामाकडे गेलो, गुरांमागे कधी फिरलो नाही. थांबायचा असा वेगळा कुकारा असतो हे मला त्या दिवशी कळलं. मुक्ताला कोण शिकवणार?

"आणि मधी खोकलो कित्याक?" मी विचारलं.

"बिडयेन. एका दमात दोन कू कधी येवकच नाय तेंका."

निघताना आईने एक घावनं काढून दगडावर ठेवलं. एरवी मी हसलो असतो.

पुढे एका लख्ख सकाळी मी एकटा तिथे जाऊन आलो. प्रतिध्वनी असेल म्हणून कुकारे घालून बघितले. लांब कुकारा लांबच परत येतो, तुटत नाही आणि खोकत तर मुळीच नाही. उंटवाल्या कुणाची हाक असेल असंही धरून बघितलं, पण मुक्ता सापडली त्या सकाळी धुकं विरल्यावरही त्या बाजूला ना माणूस दिसला होता, ना उंट. रूट कॉज सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मला खरंच हवंय.

एक मात्र बदललंय. मुक्ताला जेवायला बोलावताना पूर्वी मी ती येईपर्यंत कुकारे घालत सुटायचो. आता एकच घालतो आणि गप्प उभा राहतो. मागून कोणी थांब म्हणतंय का ऐकतो. अजून तरी कोणी म्हटलेलं नाही... पण वडिलांचा तो कुकारा मी निदान एकदा तरी ऐकायला हवा होता, असं फार वाटतं.