आधी पायांकडे बघणारे डॉक्टर

सर्जनचा पेशंट बेशुद्ध असतो, तो बिचारा काय किस्से देणार? आमचा पेशंट पूर्ण जागा असतो, महिनोन्‌महिने समोर असतो, घाम गाळत असतो आणि तोंडाने अखंड बोलत असतो. त्यामुळे आमच्या विषयात पदवी मिळायच्या आधीच किस्से साचायला लागतात. आता माझ्याकडे इतके झालेत, की चार माणसं जमली रे जमली, की कुणीतरी म्हणतंच, "उषाताई, तो बुलढाण्याचा सांगा!"

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि आमचा विषयही नवा. फिजिकल मेडिसिन म्हणजे पोलिओ, लकवा, तुटलेले हातपाय, या सगळ्यांतून माणसाला पुन्हा उभं करायचं. मुंबईहून आमचे सर आम्हा दोन हाऊसमनना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, घेऊन बुलढाणा जिल्ह्यात चिखलीजवळ कॅम्पला गेले, मला आणि सदानंदला. शाळेला सुट्टी होती, तिच्याच वर्गांत आमचा दवाखाना!

पहिल्याच दिवशी गुडघे धरून एक म्हातारबुवा आले. सरांनी तपासलं आणि व्यायाम शिकवले. बुवा वाट बघत बसले. "सुई?" नाही. "गोळी?" नाही. "मंग तुमी कायचे डाक्टर हो?"

सर म्हणाले, "आम्ही माणसाला कामाला लावणारे डॉक्टर."

बुवा उठले. "थे तं माही बायको बी करते, अन् घरच्या घरी!"

*

आता या सदानंदबद्दल सांगायला हवं. तो त्याच जिल्ह्यातला, वरवट बकालचा. घरी शेती, वडील कडक. मुंबईत तो छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलायचा, पण गडबडला की अस्सल वऱ्हाडी बाहेर! हुशार होता, आणि लाजाळू इतका, की बाईमाणसाशी बोलताना मान वर होत नसे. वर्षभर एकत्र काम करूनही मी चष्मा लावते हे त्याला कॅम्पात कळलं! दोन स्थळं त्याला 'मुलगा बोलतच नाही' म्हणून नाकारून गेली होती. वडिलांनी सरांना निरोप पाठवला, की पेरणीमुळे मला येता येत नाही, उंद्रीला एक मुलगी आहे, तुम्हीच त्याचे वडील व्हा आणि एवढं जमवा. सरांनी ते फार मनावर घेतलं. मी तर त्याहून जास्त!

*

सरांचा एक नियम होता. पेशंटला आधी विचारायचं, तुला काय करायचंय? एका काकांचा उजवा हात लकव्यातून सावरत होता. सदानंद त्यांना मणी उचलायला लावायचा आणि काका तोंड फिरवायचे. शेवटी सदानंदने विचारलं, "काका, तुम्हाला या हाताने काय करायचंय?"

"तमाकू मळाची हाय."

सदानंदने तंबाखूची पुडी आणि चुना आणून दिला. काका सकाळ-संध्याकाळ मळत बसले आणि बोटं खरंच चालायला लागली! पण ते स्वतः खायचे किती? आठवड्याभरात वर्गातले सगळे पेशंट गाल फुगवून बसले. सर राउंडला आले, तर काकांनी थरथरत्या चिमटीतून त्यांच्याचपुढे तंबाखू धरली. "घ्या साहेब. तुमचंच औषद हाय, नाही नोका म्हनू!"

सरांनी उभ्या जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. त्या दिवशी खाल्ली. उरलेला राउंड उचक्या देत झाला.

*

सरांचा दुसरा नियम म्हणजे पेशंट खुर्चीत बसायच्या आत निदान झालं पाहिजे, नुसत्या चालीवरून. त्यासाठी बाजाराच्या दिवशी आमचा क्लास थेट एसटी स्टँडवर! बाकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल वाचायची.

एक माणूस घोंगडी पांघरून गाडीकडे निघाला. एका बाजूला झुकलेला, डावा हात अंगाशी घट्ट. सदानंद ताडकन उठला. "सर, डावा हात हलतच नाही! लकवा!" आणि धावत जाऊन त्याने मोठ्या मायेने तो हात धरून वर उचलला.

घोंगडीतून आवाज आला, "बें!"

बिनतिकिटाचं करडू! कंडक्टर दारातच उभा होता. तो माणूस सदानंदकडे वळून म्हणाला, "आता या लकव्याचं तिकीट तुमीच फाडा, डाक्टर!"

सदानंदने मुकाट्याने फाडलं.

*

तिसरा नियम सगळ्यात घातक. चाल बघायला मिळाली नाही, तर चपला वाचायच्या. कोणत्या बाजूने झिजल्या, त्यावरून पाऊल कसं पडतं ते कळतं. एकदा हे डोक्यात शिरलं की सुटत नाही. लोणारला एका देवळाबाहेर पन्नासेक चपलांचा ढीग दिसला आणि आम्ही दोघं हरखलो! सदानंद एकेक जोड उलटा करून तळ दाखवतोय, मी मान डोलावतेय, आणि मागे माणसं जमली आहेत.

"काऊन बे, काय करून राह्यला?"

सदानंद गडबडला. "मी चपला वाचून राह्यलो!"

हे ऐकून कुणाचा विश्वास बसणार? सरांनी येऊन सोडवलं म्हणून वाचलो. गर्दीतली एक आजी मात्र आमच्या हातातल्या चपलांकडे बघून हळहळली. "चोराच्याच होत्या तं चांगल्या तरी चोरा ना बाप्पा! ह्या तं पार झिजेल हायेत!"

*

आणि मग उंद्री.

सरांनी जीप हाकली. मुलाकडची बाई म्हणून मी नवं लुगडं नेसले. वाटेत सरांनी सदानंदला बजावलं, "मान वर ठेवायची आणि दोन वाक्यं बोलायची. एवढंच!"

दारात बूट काढताना त्याचा हात गेलाच! बायकी चपलांचा एक जोड उलटा करून बघायला लागला. मी चिमटा काढला.

आत मुलगी, कुसुम, आधीच सतरंजीवर बसलेली. पदर आणि निऱ्या पायांवर पसरलेल्या. पोहे तिच्या आत्याने आणले, पाणी आत्यानेच आणलं, चहासुद्धा आत्यानेच. कुसुम काही जागची हलेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. दोघांनीही ओळखलं आणि गप्प बसलो.

सदानंद गप्प बसला असता तर तो सदानंद कसला! खाली मान घालून म्हणाला, "डाव्या चपलेची टाच अजिबात झिजलेली नाही. तुमची टाच टेकत नाही का?"

आत्याने पुढे होऊन कुसुमच्या पायांवरच्या निऱ्या सारख्या केल्या. वडिलांचा चेहरा एकदम उतरला. "लहानपनी ताप आल्ता साहेब. पाय आखूड राह्यला. आम्हाले फसवाचं नव्हतं. पन जो येते, थो पायच पाहून उठून जाते. पोरीच्या तोंडालोक कोनी पोचतच नाही!"

मला फार वाईट वाटलं, आणि सदानंदचा रागही आला.

तेवढ्यात कुसुमच उठली. "मी म्हनलंच होतं बाबाले, मले चालतच येऊ द्या म्हून." दारापर्यंत गेली आणि परत आली, लंगडत, पण ताठ मानेने. "पाहा. झालं?"

सदानंदचा चेहरा उजळला. "वा! कंबर किती छान सांभाळता तुम्ही! पोतं आहे का घरात?" पोतं आलं, त्याची घडी करून त्याने तिच्या डाव्या पायाखाली सरकवली. टाच टेकली, खांदे सरळ झाले. तो गुडघ्यावर बसून बघतोय आणि सर ओरडतायत, "सदा, हा कॅम्प नाही!"

वडिलांनी घाबरत विचारलं, "मंग साहेब, पोरगी पसंत हाय का?"

"थांबा हो," सदानंद दचकून म्हणाला, "तोंड पाह्याचं राह्यलंच माहं!"

आत्या पदर तोंडाला लावून हसली. कुसुम म्हणाली, "पायाले इतका येळ देल्ला, थोडा तोंडाले बी द्या!" त्याने मान वर केली. मग ती खाली होईना!

कुसुमचं हसू थांबलं. तिने सरळ विचारलं, "चपलेत भरती घालून मी नीट चालीन. पन चप्पल काढली का मी हे अशीच. पटन का तुमाले?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि हा गडी लाल झाला, पण एक शब्द बोलला नाही! आम्ही निरोप घेतला. कुसुम दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडे मला बघवेना.

जीप गावाबाहेर आली तसे सर कडाडले, "एवढं सरळ विचारलं तिने! तुझ्या वडिलांना आता मी काय कळवू?"

सदानंदने मागे वळून गावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर, सप्तपदीला अनवाणीच चालावं लागते ना?"

"हो. मग?"

"मंग गाडी वळवा. तिले सांगाचं राह्यलं, मी तिच्याच चालीनं चालीन!"