जावयाला दाखवलेले घड

"वरचं राहू द्या, मधलं काढा," असं म्हणत सर भरिताच्या वांग्यांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालायचे. भाजीवाली वैतागायची. "सर, बठ्ठा वांगा सारखाच शेतस." सर म्हणायचे, "मग मधलं द्यायला हरकत काय?" धुळ्याच्या बाजारात मग त्यांना मधलंच मिळायचं. मागे पिशवी धरून मी उभा असायचो आणि आपण यांच्याबरोबर नाही असा चेहरा करायचो.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लग्नातलं जेवण झकास होतं म्हणावं, तर हा विचारणार, "पहिल्या पंगतीला बसला होतात की शेवटच्या?" आमचे प्राचार्य एकदा सभेत म्हणाले, "आपले विद्यार्थी समाधानी आहेत." सर उठलेच. "कोणते? वर्गात आलेले की न आलेले?" त्या दिवसापासून प्राचार्य सभेत सरांकडे पाठ होईल असे बसायला लागले.

सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि मी ग्रंथपाल. दरवर्षी तपासणी समिती यायची असली की प्राध्यापकांचे छापलेले लेख आणि त्यांची सायटेशन गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडे. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कोणी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा आधार देणं. जितके जास्त लोक आधार देतील, तितका तुमचा मान मोठा. बाकी सगळ्या प्राध्यापकांची सायटेशन एकत्र केली तरी सरांच्या एका लेखापुढे ती पासंगाला पुरली नसती.

तो लेख केळीवर होता. केळीच्या खोडाचा घेर आणि घडाच्या फण्या मोजायच्या, की घड न कापता त्याचं वजन सांगता येतं, असं सूत्र सरांनी तरुणपणी बसवलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्या सूत्राचा आधार देत. मी गावांची नावं मोठ्याने वाचायचो. ती नीट उच्चारताही यायची नाहीत, पण माझी छाती उगाच फुगायची.

सरांची मात्र फुगायची नाही. "वाढली का?" ते हळूच विचारायचे.

"वाढली सर! भरपूर वाढली."

मग ते समोरच्या खुर्चीत बसून राहायचे, डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगावं तसे. मला वाटायचं, हा मोठेपणा पचवायची त्यांची रीत असेल. विद्वान माणसं विचित्र असतात, अशी आम्हा ग्रंथपालांची समजूत असतेच.

एका दुपारी मी चहा मागवला आणि सरळ विचारलं, "सर, लोक एका सायटेशनसाठी नवस बोलतात. तुम्ही असं तोंड का पाडता?"

सरांनी कप खाली ठेवला. "तो लेख चुकीचा आहे हो," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सर मूळचे एरंडोलकडचे, पण सासरवाडी शिरपूरच्या बाजूची, केळीवाली. लग्न नुकतंच झालं होतं, म्हणून घड मोजायला ते सासरच्या बागांत गेले. कोणत्या ओळीतलं कितवं झाड मोजायचं, ते नशिबानेच ठरावं म्हणून त्यांनी चिठ्ठ्या काढून नेल्या होत्या. पहिल्याच चिठ्ठीने त्यांना नाल्याकडच्या टोकाला जायला सांगितलं. ते निघाले, तर मोठ्या मेव्हण्यांनी, म्हणजे नानांनी, वाट अडवली. "पाव्हना, तथा कोठे चालनात? तथा बठ्ठा गारा शे. आठलाच घड मोजा." सर म्हणाले, मला चिखल चालेल. नानांना ते लागलं. "जवाईले कोनी बारीक घड दखाडस का? लोके काय म्हनतीन?"

पुढे सगळ्या नातेवाइकांकडे तेच. जावई येतोय हे आधीच कळलेलं असायचं. बांधावर खाट टाकलेली, खापरावरचे मांडे तयार आणि बागेतली सगळ्यात देखणी ओळ जावयासाठी राखलेली.

"नवा जावई मी. चिठ्ठ्या खिशात ठेवल्या आणि मांडे खाल्ले," सर म्हणाले. "मनाला सांगितलं, घड तो घड. एवढ्याने काय फरक पडतो?"

फरक पडला होता. बारीक घडांचं वजन ते सूत्र फार जास्त सांगायचं. हे कळलं बऱ्याच वर्षांनी, तेही विद्यार्थ्यांमुळे. सरांनी त्यांना दुसऱ्या गावी मोजायला पाठवलं. आकडे जुळेनात, म्हणून त्यांनाच रागावून परत पाठवलं. पोरं उन्हातान्हात पुन्हा जाऊन आली, तरी आकडे तेच. "पोरांची माफी मागितली मी," सर म्हणाले, "पण मला स्वतःचं तोंड आरशात बघवेना."

मग कोणाला न कळवता, सासरवाडी टाळून, सर गावोगाव हिंडले. चिठ्ठी नेईल तिथे, चिखलात उतरून त्यांनी घड मोजले. पहिल्या लेखात काय चुकलं, ते सांगणारा दुसरा लेख त्याच मासिकात छापून आणला. त्या लेखाचा आधार कोणीच दिला नाही. जग जुनंच सूत्र वापरत राहिलं. सरांनी कित्येकांना ईमेल केले. एकाने आभार मानून कळवलं की सगळे पहिलाच लेख वापरतात, म्हणून आम्हीही तोच घेतला.

"तुम्ही वाढली म्हणता ना," सर मला म्हणाले, "तेव्हा वाटतं, माझ्या चुकीवर आणखी एकाने घर बांधलं."

मी चहाचा कप उगाच फिरवत बसलो. इतकी वर्षं मी त्यांना आनंदाने काय ऐकवत होतो, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर निवृत्त झाले तेव्हा प्राचार्यांनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि फलकावर मोठ्या अक्षरांत सायटेशनचा आकडा. पहिल्या रांगेत नाना बसले होते, पांढरीशुभ्र टोपी घालून. शेजारच्याला सांगत होते, "मन्हा मळाना घड शेतस हाई!"

सर बोलायला उठले आणि नानांकडे बघून क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ज्या लेखासाठी हा मान देताय, त्यात चूक आहे. नमुना निवडण्यात मी ढिलाई केली. दोष सर्वस्वी माझा. कृपा करून माझा दुसरा लेख वाचा."

सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. प्राचार्यांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात विनय! एवढं मिळवून माणूस म्हणतो, मी चुकलो!" पुन्हा टाळ्या. सर माइक धरून उभेच होते. "नाही हो, खरंच चुकलंय," असं काहीतरी म्हणत होते, पण ते टाळ्यांत बुडून गेलं. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी खाली मान घालून बसलो.

पुढच्या वर्षी सर गेले. तेराव्याला मी एरंडोलला गेलो. पंगती उठल्यावर नाना माझ्याजवळ आले. हाताला धरून मला मांडवाबाहेर घेऊन गेले.

"भाऊ, हट्ट मन्हा व्हता," ते म्हणाले. "ते चिठ्ठी लेई उभा व्हतात, मीच तथा जाऊ दिधं नही. तुमना कॉलेजमा बोलनात, तवय माले समजनं. इतला लोकेस्मा त्यास्नी मन्हं नाव लिधं नही."

नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"त्यास्ना तो दुसरा कागद," त्यांनी विचारलं, "कोनी वाचा का?"

धुळ्याहून निघण्याआधीच मी त्या लेखाची सायटेशन बघून आलो होतो. वाचला म्हणून सांगावं, असं अगदी तोंडाशी आलं होतं.

"अजून नाही, नाना," मी म्हणालो.