आमच्या नाक्यावर कोण थांबायचं

नोकरी सुटली की दप्तर परत करावं लागतं. किस्से मात्र कुणी मागायला येत नाही, ते साठतच राहतात! बीड जिल्ह्याच्या सरहद्दीवर, करोडगिरीच्या नाक्यावर मी दहा-बारा वर्षं कारकुनी केली. करोडगिरी म्हणजे आमची जकात. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचा नगर जिल्हा. येणाऱ्या मालावर कर, जाणाऱ्यावरही कर. आठवलं की अजून डोकं तापतं.

*

एक जहागीरदार पलीकडून मोटारीतनं यायचे. मागं कापडाचे गठ्ठे, काचेची झुंबरं, विलायती बिस्किटांचे डबे. आमचे दरोगासाहेब, म्हणजे नाक्याचे मुख्य, स्वतः धावत जाऊन आडवी दांडी वर करायचे. झडती नाही, पावती नाही!

एकदा जहागीरदारच हसत म्हणाले, "दरोगाजी, आपल्या राज्यात कमाईवर कर नाही. नाक्यावर तुम्ही अडवत नाही. मग मी सरकारला देतो तरी काय?"

दरोगासाहेब कमरेत वाकून म्हणाले, "हुजूर, आपण दर्शन देता!"

*

त्याच मोटारीच्या धुळीत रहिमानबी उभी असायची. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं गाढवावर लादून ती पलीकडच्या बाजारात न्यायची.

एकदा दरोगासाहेबांनी 'मालाची पाहणी' म्हणून पाच फळं फोडून खाल्ली. बिया थुंकल्या आणि मला म्हणाले, "पुऱ्या टोपलीचा महसूल लाव."

"खाल्लेल्याचा बी?" रहिमानबीनं विचारलं.

"नाक्यावर आली तेव्हा टोपली पुरी होती."

"मंग तुमी बी बाजारला चला, साहेब. कर भरलेला माल तुमच्या पोटात हाय. मांडावा लागंल की!"

*

पलीकडच्या शाळेतले एक गुरुजी बहिणीकडं जाताना आमच्याकडं पाणी प्यायला थांबायचे. त्यांना त्यांच्या मुलखाचा भारी अभिमान.

"आमच्याकडं ज्याची कमाई मोठी, त्याच्या कमाईवर कर असतो," ते म्हणाले. "तुमच्याकडं सगळा भार शेतसाऱ्यावर, दारूवर आणि या नाक्यावर. म्हणजे गरिबावरच!"

रहिमानबी टोपल्या उतरवत होती. तिनं विचारलं, "गुर्जी, तुमच्याकडं मिठावर हाय का कर?"

"आहे."

"शेतसारा?"

"तोही आहे."

"दारूवर?"

गुरुजी तांब्यात बघायला लागले.

"म्हंजे तिकडं मोठ्याकडनं घेत्यात आन् आमच्याकडनं बी. हिकडं मोठ्याला तेवढं सोडत्यात. आमच्यासाठी लई काय बदललं?"

गुरुजी उठले. त्यांच्या पिशवीत बहिणीसाठी मीठ होतं, पलीकडं कर भरलेलं. दरोगासाहेबांनी त्यावर आमचाही लावला!

*

आमचे चपराशी हुसेनमियाँ. नाक्यावरचा एकच ताठ माणूस.

गाठोड्यातल्या कोऱ्या लुगड्यांवर कर पडतो, म्हणून एक नवी नवरी तीन लुगडी एकावर एक नेसून बैलगाडीतनं आली. चैत्राच्या उन्हात! पोर घामानं निथळत होती.

"हुसेन, मोज किती आहेत ती," दरोगासाहेब म्हणाले.

हुसेनमियाँनी काठी खाली ठेवली. "मी गाड्यांची झडती घेतो, साहेब. लेकीबाळींच्या पदराला हात लावणार न्हाई."

"नोकरी जाईल!"

हुसेनमियाँनी कमरेचा पितळी बिल्ल्याचा पट्टा सोडला, मेजावर ठेवला आणि नवरीच्या गाडीपुढं चालत नाका ओलांडून गेले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

मी तिथंच बसलो होतो. पट्टा जमा झाल्याची नोंद मीच केली, हेही सांगायला हवं.

*

एका दुपारी पलीकडून एक बैलगाडी आली. दवाखान्यात वारलेल्या नवऱ्याला घेऊन एक बाई गावाकडं निघाली होती. गाडी तिचा भाऊ हाकत होता. प्रेतावर पांढरं कापड होतं, सकाळीच पलीकडच्या बाजारातनं घेतलेलं.

दरोगासाहेबांनी कापडाचं टोक बोटांत धरून पाहिलं. "कोरं आहे. महसूल लागेल."

"मढ्यावरच्या कापडाला?" भाऊ ओरडला. "कावून पण?"

"कापड ते कापड. लिही रे पावती."

मी दौतीत टाक बुडवला आणि मान खाली घालून, रोजच्या सवयीनं विचारलं, "मालाचा मालक कोण?"

टाक कागदावर टेकवून मी वर बघितलं. बाईनं नवऱ्याच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं होतं.

"ह्ये माझे मालक," ती म्हणाली. "तुमीच इचारा त्यास्नी."