आईच्या गाडीतून सोनं द्यायला

आमच्या अंबडच्या ऑफिसात सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी हमखास विचारतं, "काय मग, सुट्टीत कुठे?" बाकीचे दमण, लोणावळा असं काहीतरी सांगून मोकळे होतात. माझं तसं होत नाही. आमच्या घरची माणसं एका गाडीत बसली की किस्से आपोआप तयार होतात, आणि ते सांगायला अर्धा तास पुरत नाही. उन्हाळ्यातले अजून सांगून व्हायचेत, तोवर हे दसऱ्यानंतरचे येऊन पडले. तर डबे उघडा आणि ऐका.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी आई शाळेतून रिटायर झाली आणि त्याच महिन्यात कोणालाही न सांगता ड्रायव्हिंग क्लासला जायला लागली. लायसन्स हातात पडल्यावर तिने पहिला फोन लावला तो कळवणला, तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला. या मामाने तरुणपणी आई सोडून घरातल्या झाडून सगळ्या भावंडांना ट्रॅक्टर शिकवलेला. आईने खूप मागे लागून पाहिलं, तर हिला मडगार्डवर बसवून मळ्याला एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, झालं शिकून. आता लायसन्सची बातमी ऐकून तो फोनवर पोट धरून हसला. "मग रस्त्यावरच्या माणसांनी जायचं कुठं?" वर सल्ला दिला, "यष्टीनं ये. स्टँडवर न्यायला येतो मी."

आईने फोन ठेवला आणि जाहीर केलं की यंदा सोनं द्यायला आपल्याच गाडीने जायचं. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायची राहिली तर आमच्याकडे कोजागिरीपर्यंत चालतात. शनिवारी इगतपुरीला मावशीकडे, रविवारी कळवणला मामाकडे. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मामाच्या अंगणात गाडी तिने स्वतः न्यायची आणि त्याने ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

*

बाबा कोणतीही गोष्ट मनापासून करतात, हाच त्यांचा प्रॉब्लेम आहे. दसऱ्याला त्यांनी गाडीची पूजा केली. झेंडूची माळ बॉनेटवर मावेना, म्हणून ती आरशापासून आरशापर्यंत काचेवरून घेतली. आई म्हणाली, काढा ती, मला निम्माच रस्ता दिसतोय. बाबा म्हणाले, माळ सुकेपर्यंत काढायची नसते. निघताना भांडण नको म्हणून आई फुलांच्या फटीतून बघत निघाली.

पहिल्याच सिग्नलला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली वाकून त्याने आधी माळ बघितली, मग आईला बघितलं आणि विचारलं, "बाई, रस्ता दिसतो का यातून?"

आई म्हणाली, "दिसतो ना. तुम्ही दिसलात म्हणूनच थांबले."

त्याला हसू आवरेना. माळ मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढून बाबांच्या मांडीवर ठेवली. आईने पिशवीतून आपट्याचं पान काढून त्याला दिलं, आणि त्यानेही ते टोपीला लावून खिशात ठेवलं. इगतपुरीपर्यंत बाबा मांडीवर झेंडू घेऊन नवरदेवासारखे बसले होते.

*

बाबांना स्वतःला गाडी उत्तम येते. त्यामुळे आईच्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय सतत ब्रेक दाबत असतो. ब्रेक तिथे नसतो, पण पाय ऐकत नाही. समोर ट्रक आला की दाब, कुत्रं दिसलं की दाब, लांबवर शाळेची पाटी दिसली तरी दाब. घोटीच्या टोलपर्यंत त्यांच्या पोटरीत गोळा आला.

आईने रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं, "अहो, तुमच्या बाजूला ब्रेक नाही. असता तर आपण अजून आपल्या गल्लीतच असतो."

*

इगतपुरीला पोचलो. डोंगर हिरवे, खाचरांमधला भात पिवळा पडायला लागलेला, मावशीची गल्ली ही एवढीशी. दोन्ही बाजूंना ओटे, मध्ये उभी मोटारसायकल. आईने आरसे मिटून गाडी आत घेतली आणि मावशीच्या दारासमोर अशी लावली की क्लासच्या सरांनी येऊन फोटो काढावा. आम्ही विजयी मुद्रेने उतरलो. बघतो तर दाराला कुलूप!

आईने मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, अगं, आम्ही दोघं केव्हाचे स्टँडवर उभे आहोत, तुमची एसटी लेट आहे का? आपल्या बहिणीची निम्म्या वाटेत हिंमत सुटणार आणि ती गाडी सोडून एसटीने येणार, हे मावशीने मनाशी पक्कं धरलेलं. आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या ओट्यावर बसलेय. किल्ली घेऊन ये."

मावशी आली ती धापा टाकत. तिने गाडीकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं आणि म्हणाली की आमचे हे तर रिक्षासुद्धा कोपऱ्यावर सोडतात. निघताना काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, डिकीत तांदळाचं पोतं ठेवलं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण मावशीला नको म्हटलं की दुसरं पोतं येतं.

*

आता फोटोंचं ऐका. आईला सगळं येतं, फक्त चढावर थांबून गाडी परत पुढे काढणं तिच्या जिवावर येतं. हाफ क्लच लागतो, गाडी मागे सरकते. म्हणून तिचा नियम असा की थांबायचं ते सपाटीवर.

रविवारी दिंडोरीच्या पुढे निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चाललेली, वणीच्या पुढे तर डोंगरच्या डोंगर फुललेले. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा जांभळा, आणि वर सप्तशृंगीचा कडा. मी मागून ओरडतेय, आई, थांब ना, एक फोटो! आई म्हणतेय, पुढे थांबू. आता निसर्गाचं असं आहे की तो चढावर असतो. सपाटीवर पेट्रोल पंप असतात.

संध्याकाळी मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. पेट्रोल पंप आणि आपण, वजनकाटा आणि आपण, पंक्चरचं दुकान आणि आपण. मावशीने लगेच विचारलं, गाडी विकायला काढली का?

*

आणि ज्याची भीती, तेच झालं. नांदुरीच्या पुढे ऐन चढावर पुढचा मक्याचा ट्रॅक्टर बंद पडला. आई थांबली. थोड्या वेळाने ट्रॅक्टर धूर काढून गेला, पण आमची गाडी तांदळाच्या पोत्यासकट मागे सरकायला लागली. मागे माणसांनी भरलेली जीप, तिचा हॉर्न सुरू. आईने हँडब्रेक ओढला. तिच्या कपाळावर घाम आलेला मला आरशात दिसत होता.

बाबा अगदी हळुवारपणे म्हणाले, "मी घेऊ का?"

आई म्हणाली, "उतरा."

बाबा आनंदाने उतरले आणि वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आले. आईने काच खाली केली. "इकडे नाही. मागच्या चाकाला दगड लावा."

बाबांनी दगड लावला. आईने हँडब्रेक सोडला, गाडी दगडाला टेकली, आणि एका दमात जी निघाली ती थेट चढ संपल्यावरच थांबली. जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत! मी खाली उतरले तर समोर अख्खं खोरं पसरलेलं, आणि त्यातून लालेलाल झालेले बाबा रस्त्याने वर चालत येताहेत. अख्ख्या ट्रिपमधला चांगला फोटो तेवढा एकच आला.

बाबा धापा टाकत आत बसले. आईने विचारलं, "दगड बाजूला टाकलात ना? नाहीतर मागच्याला लागायचा."

*

मामाचा मळा कळवणच्या अलीकडे, रस्त्यालगतच आहे. मामा पाठीशी हात बांधून अंगणात उभाच होता. एकीकडे वाळत घातलेला मका, दुसरीकडे ट्रॅक्टर. आईने दोन्हींच्या मधून गाडी काढून लिंबाखाली लावली. मक्याचा एक दाणा चिरडला नाही. आई उतरली आणि भावाकडे बघत उभी राहिली.

मामाने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर पाय दाबला आणि म्हणाला, "हवा कमी हाय."

बस, एवढंच. आईने त्याच्या हातात सोनं दिलं, पाया पडली. जेवताना मामा पावसाबद्दल बोलला, मक्यावरच्या अळीबद्दल बोलला, गाडीचा विषय नाही. आईने भाकरी अर्धीच खाल्ली. मला मामाचा इतका राग आला की मी मामीचा आग्रहसुद्धा मोडला.

जेवणानंतर मामाला अभोण्याला जायचं होतं, त्याच्या आणि आईच्या म्हाताऱ्या आत्याला सोनं द्यायला. मामाचा मुलगा जीप घेऊन बाहेर गेलेला. मामी म्हणाली, ताईंच्या गाडीत जा की. मामा उठून अंगणातला मका हलवायला गेला. मग मामीने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसतच नाही. पोरगा चालवत असला तरी यांची पाठ सीटला टेकत नाही, सारखा हात हँडब्रेककडे जातो. एकदा पोराने वैतागून भर रस्त्यात गाडी थांबवली आणि किल्लीच यांच्या हातात दिली.

शेवटी मामा टोपी घालून आला आणि आईच्या शेजारी बसला. बाबा माझ्याबरोबर मागे. जाताना सगळा रस्ता मामा ताठ बसून बोलत होता. "सेकंड टाक." "खड्डा." "म्हैस."

"दिसली, दादा," आई म्हणायची. तिने ना स्पीड वाढवला, ना आवाज.

आत्याबाईंकडे चहा झाला, सोनं दिलं, परत निघालो. ऊन उतरलं होतं, रस्ता मोकळा होता. थोड्या वेळाने मामाचं बोलणं थांबलं. मला वाटलं, चिडला असणार. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती स्टिअरिंग जास्तच घट्ट धरून बसली होती. मी पुढे वाकून बघितलं. मामाची पाठ सीटला टेकलेली, टोपी नाकावर आलेली, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. आणि तो चक्क घोरत होता.

आईने एकदा डावीकडे बघितलं. मग एक खड्डा तिने इतक्या हळू पार केला की मागची सायकल आमच्या पुढे गेली.

मळा आला. मामी दारात उभी होती. गाडी तिच्या समोरून निघून गेली.

बाबा मागून कुजबुजले, "अगं, घर गेलं मागे!"

"जाऊ दे," आई म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."