कानबाई आणि मुरगळलेला पाय

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्या श्रावणात कानबाईचा चौरंग पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर येणार होता, आणि वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी माझा उजवा पाय मुरगळला. पाण्याची घागर घेऊन चाळीचा जिना उतरत होते. शेवटच्या पायरीवर घोटा आत वळला आणि मी घागरीसकट खाली बसले. दुखण्यापेक्षा आधी मनात आलं, आता कानबाईचं कसं होणार?

आम्ही मूळचे खानदेशातले, पोटासाठी सुरतेत आलेले. हे तिथल्या भेस्तान भागात कापडाच्या लूमवर कामाला आणि मी घरी साड्यांना लेस लावायची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला लुगडं, नथ, दागिने घालून देवी सजवतात आणि दुसऱ्या दिवशी तिला चौरंगासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. हा मान इतकी वर्षं सासूबाईंचा. पण त्यांची कंबर गेली होती. "आवंदा कानबाईले तूच ले वं, मन्हाघाई आते व्हस नही," त्या म्हणाल्या. यंदा तूच घे, माझ्याने आता होत नाही. तेव्हापासून मी हवेत होते. भाजी चिरतानासुद्धा मान ताठ धरायची.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण शिरा ताणल्या होत्या. पट्टी बांधून त्यांनी मला पंधरा दिवस बसवलं. सूज उतरली, तरी पाय टेकला की थरथरायचा, मध्येच लटकन वळायचा. सासूबाईंनी चौरंग घ्यायला धाकट्या जावेला निरोप धाडल्याचं मला कळलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी देवीवर रुसले. द्यायचंच नव्हतं तर आशा का लावलीस, असं मनात म्हणून मी दिवासुद्धा लावला नाही.

आषाढात एका दुपारी देवीच्या बांगड्या आणायला शेअर रिक्षाने बाजारात गेले. उतरताना पाय वळला. आता पडणार, एवढ्यात कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. साठीच्या एक गुजराती बाई होत्या. त्यांनी मला बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि माझं पाऊल सरळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोटा दाबून बघत त्या म्हणाल्या, "बेन, सोजो तो ऊतरी गयो, पण पग हजी ऊंघे छे. एने जगाडवो पडशे." सूज उतरली, पण पाय अजून झोपलाय, त्याला जागं करावं लागेल.

आजाऱ्यांकडून व्यायाम करून घेण्यात आपली नोकरीची सगळी वर्षं गेली, असं त्यांनी सांगितलं. मग पदर खोचून तिथेच फुटपाथवर एकेक प्रकार करून दाखवला. पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाटेच्या पायाला बांधून पावलाने बाहेर ओढायची. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या. एवढं जमलं की एका पायावर उभं राहायचं. दुखलं तर थांबायचं, पण एकही दिवस चुकवायचा नाही.

मी म्हटलं, "देवीची इच्छा असेल तर होईल."

त्या हसल्या. "इच्छा तो छे ज. करवानुं तमारे छे."

इच्छा तर आहेच, करायचं तुम्हाला आहे. मी बांगड्या घ्यायला वळले, नाव विचारायला परत फिरले, तर त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या. दुकानदाराला वाटलं होतं, त्या माझ्याबरोबरच आल्या आहेत. त्या कोण होत्या, मला आजही माहीत नाही.

घरी येऊन आधी दिवा लावला आणि त्याच संध्याकाळी ट्यूबची पट्टी कापली. रोज अंगठ्याने अ पासून ज्ञ पर्यंत लिहायची. देवीचं नाव पायाने लिहायला मन धजेना, म्हणून ते तोंडाने घ्यायची. टाच वर, कानबाई माय. टाच खाली, कानबाई माय. शेजारणी दारात उभ्या राहून हसायच्या आणि मलाही हसू यायचं. पहिल्या आठवड्यात एका पायावर क्षणभरही उभं राहता येईना. पुढे पुढे पोळ्या लाटतानाही मी उजव्या पायावर उभी असायची. शेवटी भरलेला तांब्या चौरंगावर ठेवून तो डोक्यावर घेतला आणि सासूबाईंसमोर घरभर फिरले. एक थेंब सांडला नाही. त्यांनी जावेला दुसरा निरोप धाडला.

कानबाईला नदीवर नेण्याचा तो सोमवार आठवला की अजून अंगावर काटा येतो. ढोल वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या, आणि माझ्या डोक्यावर माझी माय. टेम्पोने तापीच्या ओवाऱ्यावर गेलो. सुरतेत नदीच्या घाटाला ओवारा म्हणतात. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. पाण्याच्या जरा वर उजवा पाय सटकला. पण मला कळायच्या आत पाऊल आपोआप बाहेर रेटलं गेलं, रोज पट्टी ओढताना रेटायचं तसंच, आणि घट्ट रोवलं गेलं. चौरंग हललासुद्धा नाही. कानबाईला निरोप देताना मी रडत होते आणि हसतही होते.

तिच्या पायाशी सगळं टाकायचं म्हणजे हात जोडून बसून राहायचं, असं मी समजत होते. आता तिच्यावर भार टाकते आणि समोरचं काम हातात घेते. फळाची धास्ती मात्र उरत नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी दारातच माझ्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं आणि कंबर दुखत असतानाही वाकल्या. मी घाईने पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरून ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हाऊ पाय तुन्हा नही, कानबाईना शे."